वीस मोळ

आमच्या घरात कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम माझ्याकडे होतं. वाटतं तितकं ते सोपं नव्हतं, कारण आमचं घर यशवंतपूरला, रेल्वेच्या यार्डापासून माझ्या दोनशे दहा पावलांवर. तिथे दिवसभर डबे इकडून तिकडे ढकलणं चालायचं, डब्याला डबा लागला की आमच्या मांडणीतली भांडी हलायची, आणि एक म्हातारं इंजिन नेमकं स्वयंपाकाच्या वेळी शिट्टी द्यायचं. तूरडाळीला तीन शिट्ट्या हा आईचा हिशेब. मी पुस्तकात डोकं घालून तीन मोजायचो, गॅस बंद करायचो, आणि जेवायला बसल्यावर सारातली डाळ दाताखाली कुरकुर वाजायची. मग आमचे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, घास तसाच हातात धरून विचारायचे, “तीन मोजल्यास?” मी म्हणायचो, “तीन मोजल्या.” “मोजल्यास ते खरं रे बा. पण काय मोजलंस?” त्या तिघींतली एक इंजिनाची असायची.

आमचे पूर्वज बेंगळुरात कधी आले ते घरात कोणालाच नक्की माहीत नव्हतं, म्हणून मीही इथे सांगत नाही. घरात मराठी होती, पण तिच्यात कन्नड शब्द इतके मुरलेले होते की कुठला कोणाचा हे आम्हाला कळायचं नाही. “स्वल्प थांब,” “सरी, जा आता,” हे आम्हाला मराठीच वाटायचं. अण्णा मार्केट यार्डात काट्यावर वजनं लिहायचे. सुक्या मिरचीच्या हंगामात ते दारात आले की आधी आम्ही सगळे शिंकायचो आणि मग ते चपला काढायचे. त्यांचा खोकला वर्षातले चार महिने जायचा नाही. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना एकदा ते सहज बोलल्यासारखं म्हणाले, “यार्डात एक जागा आहे, तुझ्यासाठी विचारून ठेवलंय. पण तुला दुसरं काही मिळालं तर मला बरं वाटेल.” त्यांच्या तोंडून एवढं लांब वाक्य मी क्वचित ऐकलं होतं. त्याच सुमारास आमच्या घराजवळच्या एका कारखान्यात, सुट्या भागांची मापं तपासायच्या विभागात तीन शिकाऊ मुलं घेणार होते. अर्जासोबत कॉलेजातल्या एका प्राध्यापकाचं पत्र लागत होतं. मला ती जागा हवी होती, इतकी की अर्जाचा कागद मी चार वेळा कोरा पुन्हा आणला, कारण प्रत्येक वेळी माझ्या अक्षराची ओळ अर्ध्या मिलिमीटरने वर चढायची.

आमचं कॉलेज जयनगरच्या बाजूला, दोन बस बदलून एक तास दहा मिनिटं. तिथे आम्हाला स्टॅटिस्टिक्स शिकवायच्या शारदा मॅडम. उंच, शिडशिडीत, खडूची धूळ पदराला लागू न देणाऱ्या. पत्र मागायला गेलो तेव्हा त्यांनी माझ्याकडे चष्म्याच्या वरून पाहिलं. त्या कन्नड बोलायच्या आणि मध्येच इंग्रजी. मी इथे माझ्या भाषेत लिहितो.

“कॉलेज डेला ट्रेझर हंट कोण करतंय?” त्यांनी विचारलं.

“यंदा नाही ना मॅडम. बंद केलाय.”

बंद केला होता, कारण आदल्या वर्षी एक संघ सुगावा शोधत पाण्याच्या टाकीवर चढला आणि त्यातल्या दोघांना उतरता येईना. प्रिन्सिपॉल सरांनी त्या दिवशीच हंटवर फुली मारली होती.

“मी सरांना लिहून दिलंय, जबाबदारी माझी म्हणून,” मॅडम म्हणाल्या. “मुलांनी वर्षातून एकदा तरी डोकं चालवावं. मला असा माणूस पाहिजे जो टाकीची उंची आधी मोजेल. शनिवारी हंट आहे. एकही तक्रार आली नाही तर सोमवारी सकाळी तुझं पत्र तयार. तक्रार आली तर तू मला तोंड दाखवू नकोस. तसंही माझं तोंड कुठे दिसायचं नाही.”

अर्जाची मुदत सोमवारी संध्याकाळी संपत होती.

मदतीला मी बसवराजला घेतलं. तो निपाणीकडचा, हॉस्टेलवर राहायचा, आणि संबंध कॉलेजात माझ्याशी मराठी बोलणारा तेवढा एकच. त्याच्या मराठीला आमची आई हसायची आणि आमच्या मराठीला तो. आठ संघ, प्रत्येकी पाच जण, वेळ दुपारी दोन ते पाच. आमचा हंट नुसता खजिना शोधण्याचा नव्हता, वाटेत वस्तूही गोळा करून आणायच्या होत्या: आकड्यांची बेरीज एकवीस येईल असं बसचं तिकीट, कॅन्टीनमधला बरोबर मध्यावर भोक असलेला वडा, चिंचोका, आणि अशाच आणखी चार. वडा मध्यावर आहे की नाही ते मी स्वतः पट्टीने बघणार होतो. कुठेही जिना, झाड, विहीर, गच्ची येणार नाही याची काळजी घेतली होती. जमिनीपासून दीड फुटाच्या वर एकही वस्तू नव्हती.

शेवटचा सुगावा मात्र सुचत नव्हता. मी “पिंपळापासून पश्चिमेला तीस फूट” असं लिहून नेलं, तर मॅडम म्हणाल्या, “हा सुगावा आहे की प्लॉटची नोंदणी? थोडी आपल्या मातीची चव आण.”

ती चव आमच्या दारातच सापडली. रोज सकाळी रत्नम्मा नावाची फूलवाली डोक्यावर टोपली घेऊन यायची. आमच्याकडे गजरा मोळावर विकतात, आणि मोळ म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा हात. हात विकणाराचा धरायचा. आईला हेच मान्य नव्हतं.

“रत्नम्मा, तुझा कोपर कुठे सुरू होतो ते आधी ठरव.”

“अक्का, देवानं दिलाय तिथेच आहे.”

“काल तो मनगटाच्या स्वल्प खाली होता.”

मग आई स्वतःचा हात लावून पुन्हा मोजायची, आणि रत्नम्मा वर दोन कळ्या टाकून टोपली उचलायची. दोघींचं हे वर्षानुवर्षं चाललेलं होतं. त्या सकाळी मी दात घासता घासता थांबलो. वीस मोळ! सरासरी हात दीड फूट, म्हणजे बरोबर तीस फूट.

माझी शंका एकच होती, आणि ती मला फार मोठी वाटली. सगळ्यांचे हात सारखे नसतात. म्हणून मी दोन दिवस टेप घेऊन कॉलेजात फिरलो आणि छत्तीस जणांचे हात मोजले. “काय करालास लेका,” बसवराज म्हणाला, “हंट करालास की शर्ट शिवालास?” सर्वांत आखूड हात सोळा इंच, सर्वांत लांब वीस. वीसने गुणलं की चूक साधारण पावणेसात फुटांच्या आत राहते. पिंपळाच्या पश्चिमेला क्रोटनच्या झुडपांचा एक वाफा होता, तो सात फूट रुंद. म्हणजे कोणाचाही हात असो, तो वाफ्यातच पोचणार. मला स्वतःचाच अभिमान वाटला. मोळ म्हणजे काय हे कागदावर लिहावं असं एकदा मनात आलं होतं, पण बसवराज म्हणाला, “सगळंच सांगितलंस तर शोधायचं काय, डोंबल?” मग मी सुगावा मॅडमना वाचून दाखवला. त्यांनी डोळे मिटून ऐकला आणि प्रथमच हसल्या. “छान आहे. आमच्या अज्जीची आठवण झाली.”

चूक कुठे झाली ते आता सांगतो. मॅडमनी सुगावा ऐकला, वाचला नाही. माझ्या तोंडी ळ होता. कागद मात्र इंग्रजी टाइपरायटरवर बडवलेला होता, आणि त्या यंत्रात ळ नाही. कन्नडमध्ये मोळ म्हणजे हात, आणि मोल म्हणजे ससा. मी आणि बसवराज, दोघेही घरी सशाला ससाच म्हणणारे. मोल म्हणजे किंमत हे आम्हाला ठाऊक. ससा आमच्या डोक्यात येण्याचं काही कारणच नव्हतं. छत्तीस हात मोजले, अक्षरं चारच होती, ती एकदाही मोजली नाहीत. इंग्रजी कागद माझ्या भाषेत असा होता: पिंपळापासून मावळतीकडे वीस ‘mola’. जे मिळेल ते घेऊन या.

आणि पिंपळाच्या मावळतीकडे, वाफा ओलांडला की, झूऑलॉजी विभागाचा मागचा व्हरांडा होता. तिथे एका मोठ्या पिंजऱ्यात ससे होते.

शनिवारी तीन वाजून वीस मिनिटांपर्यंत सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की मी वहीत ‘आतापर्यंत तक्रारी शून्य’ असं लिहिलंसुद्धा. खजिना वाफ्यात ठेवलेला होता: आईचा स्टीलचा डबा, आत कॉलेजने दिलेला छोटा कप आणि आईने केलेले दहा चिरोटे. डबा देताना आईने त्याला एक मोळ मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा गुंडाळला होता. “रिकाम्या गळ्यानं बक्षीस देऊ नये,” ती म्हणाली, आणि पाठोपाठ, “डबा परत आण. झाकणासकट.”

पहिला संघ पिंपळाखाली आला. मी लांबून बघत होतो. एका मुलीने कागद वाचला, थबकली, आणि ओरडली, “मोल अंद्रे रॅबिट कणो!”

मला ते ऐकू आलं, पण कळायला काही सेकंद लागले. तोवर पाचही जण क्रोटनचा वाफा ओलांडून पलीकडे गेले होते. पाठोपाठ दुसरा संघ. तिसऱ्याने सुगावा वाचलाच नाही, दोन संघ पळताहेत म्हटल्यावर तोही पळाला, आणि बघता बघता आठही. मी “मोळ! मोळ!” असं ओरडत धावलो, आणि त्याचा अर्थ सगळ्यांनी मी प्रोत्साहन देतोय असा घेतला.

प्रत्येक संघाला वीस ससे हवे होते. विभागाकडे होते अकरा. हे गणित तिथल्या कोणीही केलं नाही. झूऑलॉजीचे अटेंडर मुनियप्पा पिंजऱ्यापुढे हात पसरून उभे होते. साठीला आलेला माणूस, पण आवाज असा की बेडूकसुद्धा गप्प बसावेत. “अरे, माझी लेकरं आहेत ती! सरका!” त्या रेटारेटीत त्यांचा चष्मा पडला, कोणाचा तरी पाय कडीला लागला, आणि पिंजऱ्याचं दार उघडलं. इतक्या शांतपणे काहीतरी निसटून जाताना मी त्यानंतर पाहिलेलं नाही. चाळीस माणसं ओरडत होती आणि अकरा ससे आवाज न करता त्यांच्या पायांमधून हिरवळीवर गेले.

एक संघ सगळ्यांहून हुशार निघाला. इथे वीस मिळणार नाहीत हे ओळखून ते ऑटो करून शिवाजीनगरच्या बाजारात ससे आणायला गेले.

हल्ली कोरमंगल्याच्या माझ्या लेकीच्या ऑफिसात असे हंट करवून घेतात, म्हणे माणसं एकत्र येतात. फोनवर नकाशा, फोनवर सुगावा. मी तिला म्हटलं, त्या दिवशी जेवढी माणसं एकत्र आली तेवढी तुझ्या ऑफिसात पगाराच्या दिवशीही येत नसतील. प्रिन्सिपॉल सर बाहेर आले आणि पायऱ्यांवरच उभे राहिले. शारदा मॅडम त्यांच्या शेजारी. सर एवढंच म्हणाले, “पाच वाजेपर्यंत अकराच्या अकरा पिंजऱ्यात. नाहीतर मॅडम, तुमची चिठ्ठी माझ्या टेबलावर आहेच.”

ज्यांनी ससे सोडले त्यांनीच धरले, एवढं त्या मुलांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. दुपट्टे, दप्तरं, कॅन्टीनची टोपली, जे हाती लागेल ते घेऊन. मी पिंजऱ्याशी वही घेऊन बसलो. चार, सहा, सात. एक ग्रंथालयात सापडला. पावणेपाचला बसवराज घामाघूम होऊन आला आणि पिंजऱ्यात डोकावून त्याने दोनदा मोजले. “अकरा! लेका, वाचलास!” मुनियप्पांनी चष्म्याशिवायच एकेका सशाच्या पाठीवरून हात फिरवला. सरांनीही मोजले. “अकरा. ठीक. घरी जा सगळे.” शारदा मॅडमनी श्वास सोडलेला मला ऐकू आला.

माझ्या वहीत एक ओळ होती: ‘४.१० – ऑटो परत. दोन ससे.’ त्या संघाला बाजारात दोनच मिळाले होते, आणि बाकीचे आणून टाकताहेत तसे त्यांनीही मोठ्या उत्साहात आणून पिंजऱ्यातच टाकले होते. त्यांच्याशिवाय ते फक्त मी पाहिलं होतं.

मी त्या ओळीकडे बघत राहिलो. अकरा झाले होते. सर वळले होते. मला यार्ड दिसत होतं, मिरचीची पोती दिसत होती, आणि सोमवारची मुदत. बसवराजने माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं आणि माझ्या पायावर पाय दिला. “नको बे,” तो दातांतल्या दातांत म्हणाला. “गप बस की. अकरा हायत.” मला मात्र दाताखाली कच्ची डाळ लागत होती.

“सर, थांबा,” मी म्हणालो. “यातले दोन आपले नाहीत.”

मी वहीतली ओळ वाचून दाखवली. मुनियप्पांनी कपाळावर हात मारला आणि म्हणाले, आपल्या प्रत्येक सशाच्या कानात शाईने नंबर आहे. शारदा मॅडम पदर खोचून खाली बसल्या आणि एकेक कान उलटून वाचायला लागल्या. दोन कान कोरे निघाले. चार नंबर आणि नऊ नंबर नव्हते.

“सहा वाजता फाटक बंद होईल,” सर म्हणाले, आणि या वेळी ते आमच्यापैकी कोणाकडेच न बघता गेले.

आम्ही पुन्हा शोधलं. मैदान, सायकल स्टँड, लॅबच्या मागची गल्ली. पावणेसहा झाले. पत्र गेलंच होतं. सरांना दिलेल्या चिठ्ठीचा जाबही मॅडमना आता माझ्यामुळे द्यावा लागणार होता. आता एकच गोष्ट हातात उरली होती, ती म्हणजे आईचा डबा. तो झाकणासकट न नेण्याची माझी हिंमत नव्हती. मी पिंपळाच्या पाराशी आलो आणि, कसं कोण जाणे, सरळ चालत जाण्याऐवजी गुडघ्यांवर बसून कोपराने मोजत निघालो. बहुधा निदान माझं माप तरी बरोबर होतं हे मला कोणाला तरी, मलाच, दाखवायचं होतं. बसवराज पारावर बसून बघत होता. त्याला वाटलं, माझ्या डोक्यावर परिणाम झाला.

अठरा, एकोणीस, वीस. मी क्रोटनची पानं बाजूला केली. डबा जागेवर होता. आणि डब्याच्या दोन बाजूंना दोन ससे बसून आईचा गजरा खात होते. चाळीस जणांपैकी कोणालाही न सुटलेला सुगावा त्या दोघांनी सोडवला होता. “बसू,” मी अगदी हळू म्हणालो, “वीस मोळांवर दोन मोल आहेत.” त्याने दप्तर रिकामं केलं. कानांत चार होता, नऊ होता. हंट कोणी जिंकला असं नंतर कोणी विचारलं तर आम्ही हेच दोन नंबर सांगायचो. कोऱ्या कानांचे दोघे मुनियप्पांनी ठेवून घेतले आणि सोमवारपर्यंत त्यांना बारा आणि तेरा करून टाकलं.

सोमवारी सकाळी मी मॅडमच्या खोलीत गेलो, ते माफी मागायला. टेबलावर लिफाफा होता.

“मॅडम, तुम्ही म्हणाला होता, तक्रार आली तर…”

“आली. पण कोणी केली? अकरा मोजून सगळे घरी निघाले होते. तक्रार तूच केलीस. स्वतःविरुद्ध केलेली तक्रार मी धरत नाही.” मग चष्मा काढून म्हणाल्या, “आणि यापुढे आकड्याच्या पुढे काय आहे ते पूर्ण लिहीत जा. ज्या लिपीत लिहिता येईल त्या लिपीत.” या सूचनेला आता तीस वर्षं होत आली. त्या कारखान्यात आणि पुढच्या दोन कारखान्यांत मी नुसता आकडा कधी लिहिला नाही.

पत्र मी घरी नेऊन मोठ्याने वाचलं. शनिवारी मी घरी काहीच सांगितलं नव्हतं, नुसता डबा ओट्यावर ठेवून दिला होता; त्या दिवशी मात्र पहिल्यापासून सगळं सांगितलं. पत्रात चार ओळी माझ्या हजेरीच्या आणि मार्कांच्या होत्या. शेवटची ओळ अशी: ‘बेरीज जुळली म्हणून हा मुलगा थांबत नाही.’ अण्णांनी कागद हातात घेतला. इंग्रजी त्यांना फारसं येत नव्हतं, पण त्या ओळीवर बोट ठेवून तिचा अर्थ मला दोनदा सांगायला लावला. मग खोकल्याची उबळ आल्यासारखं करून ते बाहेर व्हरांड्यात गेले. हंगाम मिरचीचा नव्हता.

आई तेवढा वेळ शेंगा सोलत होती. तिचा एकच प्रश्न राहिला होता.

“म्हणजे गजरा त्या सशांनी खाल्ला?”

“सगळा नाही. अर्धा मोळ.”

आईने सोललेली शेंग खाली ठेवली.

“रत्नम्माचा की माझा?”